बांग गावाची, फोन दम्मामचा

गेल्या शुक्रवारी माझा निकाह झाला... मी दम्मामच्या खोलीत आणि नवरी म्हसळ्याला तिच्या घरी. फोटोत आम्ही दोघं एकत्र का नाही, असं जो तो विचारतोय. तर एकदाचं सांगून टाकतो.

मी इथे मोबाईलच्या दुकानात होतो. मग नियम आला, मोबाईलच्या दुकानात आता फक्त सौदी माणूसच बसणार... आम्ही सगळे एका फटक्यात बाहेर. गोदामात काम मिळालं, पण जुन्या कफीलकडून, म्हणजे मालकाकडून, नव्याकडे माझी बदली अजून अडकलीय. ती होईपर्यंत गावी जायचं नाव काढायचं नाही. त्या भानगडीत माझं सिमसुद्धा बंद पडलंय.

नवरीचे अब्बा तेव्हापासून गप्प गप्पच. नोकरी सुटलेल्या पोराला मुलगी देणार काय, असं तिच्या चाचांनी चार माणसांत विचारल्याचं माझ्या कानावर आलेलं. निकाह एकदा पुढे ढकलला होता. दुसऱ्यांदा ढकलला असता तर तो झालाच नसता, एवढं आठवी नापास माणसालाही कळतं.

शेवटी मौलानांनी रस्ता काढला. माझे मामू तिकडे माझे वकील होऊन माझ्या वतीने कबूल म्हणतील. पण मामूंना वकील केलं, हे मी स्वतः सगळ्यांच्या समोर, व्हिडिओवर बोलायचं.

आता नेट कुठून आणायचं? बिल्डिंगचं वायफाय शुक्रवारी म्हणजे सगळी बिल्डिंग घरी बोलत असते, माणसाचं तोंड चौकोन चौकोन दिसतं. म्हणून हसनचाचांच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला. चाचा दापोलीचे, मेसमध्ये स्वयंपाकी, आमच्या खोलीत वयाने सगळ्यात मोठे.

इथे आम्हा सगळ्यांना एक सवय लागलीय. बांग ऐकली, की हात आपोआप फोनवर. वरची पट्टी खाली ओढायची, विमानाचं चित्र दाबायचं, खलास... मशिदीत फोन वाजत नाही. दुकानात अर्धी गिऱ्हाईकं हेच मागायची, ते बटण पुढे आणून दे. चाचांनाही मीच लावून दिलेलं. वायफाय, डेटा, हॉटस्पॉट सगळं मागे, विमान पहिलं.

जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली. मी नवा कुर्ता घालून फोनसमोर बसलो, खोलीतली बाकीची पोरं माझ्या मागे गर्दी करून. चाचा भिंतीला टेकून डुलकी काढत होते, फोन त्यांच्या खिशात.

तिकडे मौलाना उशिरा आले. मग मेहेरवरून, म्हणजे नवरीला द्यायच्या रकमेवरून, थोडी चर्चा. मग कुणीतरी पंखा बंद करा म्हणालं, आवाज येतो म्हणून. इतक्यात तिकडच्या मशिदीत असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, बांग झाली, सगळे थांबले. बांग संपली. मौलाना पुढे सरकले, माझं नाव घेतलं, आणि विचारायला लागले...

फोन गेला.

मी वायफाय बंद करून चालू केलं. परत बंद, परत चालू. फोन बंद करून चालू केला. एक जण म्हणतो गच्चीवर जा, दुसरा म्हणतो कव्हर काढ. कव्हर काढून काय होणार, सांगा मला! डोळ्यांसमोर एकच चित्र... मौलानांनी विचारलं आणि नवरा गायब.

मागे वळून बघतो तर चाचा बाह्या वर करून नमाजआधीचे हातपाय धुवायला, वजू करायला निघालेले.

मी म्हटलं, "चाचा, कुठे? असरला अजून वेळ आहे."

चाचा म्हणाले, "बांग झाली की रे आता."

एका पोराने चाचांना घड्याळ दाखवलं. मग चाचांनीच हळूच विचारलं, "मग ती कुठली झाली?"

म्हसळ्याची! तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे. माझ्या फोनमधून आलेली बांग झोपेत ऐकली, हाताने आपलं काम केलं. विमान दाबलं, हॉटस्पॉट गेला, आणि त्याच्याबरोबर मी पण. माझी सटकलीच. या वयाला कशाला हवा तुम्हाला फोन, माझा निकाह मोडलात, असं काहीबाही बोललो. चाचा बाह्या खाली करून खाटेवर बसले.

विमान काढलं. पण विमान काढून हॉटस्पॉट परत येत नाही, तो वेगळा चालू करावा लागतो. घाईत तीन बटणं चुकीची दाबली. शेवटी लागला एकदाचा.

मामूंनी फोन उचलला, तोंड एवढंसं. मागून नवरीच्या चाचांचा आवाज, "मोबाईलवाल्याचाच मोबाईल बंद. बघा, आत्ताच विचार करा."

मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं. मग नवरीचे अब्बा हसायला लागले... त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. डोळे पुसत म्हणाले, "मौलाना, विचारा परत. पोरगा नमाजी माणसांत राहतो, नोकरीचं काय, बघू."

मी बोललो. मामूंनी कबूल म्हटलं. तिकडे खजूर वाटले, इकडे पण वाटले.

मग कुणीतरी तिच्या हातात फोन दिला. मला वाटलं लाजेल, काही बोलणार नाही. तिने पहिलंच विचारलं, "त्या चाचांना काही बोलला नाहीत ना?"

मी म्हटलं, "छे, छे."

लग्नाला पाच मिनिटं नाही झाली आणि बायकोशी खोटं बोललो...

फोन ठेवला आणि एक खजूर घेऊन चाचांच्या खाटेवर जाऊन बसलो. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही, पण मागितली. चाचांनी खजूर अर्धा केला, अर्धा माझ्या तोंडात घातला, आणि म्हणाले, आता तरी मला झोपू दे.

घर इतकं लांब असताना अशी माणसं जवळ आहेत... शुक्र आहे अल्लाहचा.