चिंधीवालं वांगं

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अंथुर्ण्याच्या काटेरी वांग्याचा वंश जवळजवळ बुडाला होता आणि त्याला प्रस्तुत लेखक जबाबदार होता. हत्यार विळी, साक्षीदार कढई.

अंथुर्ण्यात, सगळं गाव ज्यांना आत्याबाई म्हणतं त्यांच्याकडे, गावरान बियांची पेटी असते. आसपासच्या गावांतल्या बायकांनी मिळून ती चालवलेली. चिमूटभर बी न्यायचं, हंगाम सरला की मूठभर आणून द्यायचं. त्यातलं काटेरी वांगं आत्याबाईंनी लग्नात माहेरहून पदराला बांधून आणलेलं. मीही चिमूटभर नेलं आणि माझ्या गावी, पणदऱ्यात, घरामागं लावलं. एकदा आत्याबाई येऊन सगळ्यांत गुबगुबीत वांग्याला लाल चिंधी बांधून गेल्या. ही कशासाठी? मी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, नजर लागू नये म्हणून. मग पाहुणे आले. चिंधी सोडली, वांगं भरलं. झकास झालं होतं. पुढं बाकीची वांगीही संपवली आणि झाडं उपटली.

त्या पावसात आत्याबाईंच्या रानात पाणी साचून झाडं सडली. पेटीतलं बी वाटून संपलेलं. त्यांचा फोन आला, "तुमचं चिंधीवालं आणा." मी खरं ते सांगितलं. त्यांनी आधी पलीकडं कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाल्या, "भिगवणला मासळीची खानावळ हाय. तिच्या मालकिणीनंबी नेलं हुतं. बघा जावा."

खानावळीमागं, मासे धुतलेल्या पाण्यावर, तीन झाडं डोलत होती. तीन पिवळी वांगी, तिन्हींना चिंध्या.

"या नजरेच्या का?" मी विचारलं.

मालकीण खवले काढता काढता थांबली. "नजर कसली? बियाला राखलंय. चिंधी बघून कुणी तोडत न्हाय. ल्हान पोरालाबी कळतं."

"आणि मोठ्यांना?"

"त्यांनाबी कळतं, बहुतेक."

तिनं दोन वांगी तोडून दिली, तिसरं ठेवलं. "तुमच्याकडनं पुन्ना गेलं, तर हितं आसूं द्या एक."

अंथुर्ण्यात आत्याबाईंनी ती फोडली, बी धुऊन राखेत घोळलं, वाळवलं. वाटपाच्या दिवशी बायका पेटीभोवती जमल्या. मीही हळूच तळहात पुढं केला. आत्याबाईंनी आधी तळहाताकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना बी नगं गं. ह्यांना भाजीच करून द्या."