न जमणारा भागाकार

माळशिरसकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत तपासणी आली, की मी अपूर्णांकांचा ठेवणीतला पाठ काढायचो. नव्या विस्तार अधिकारी बाई आल्या तेव्हाही तेच केलं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच चौथीच्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं.

बाई हसल्या. "गुरुजी, हे येतंय तुम्हाला. जमत नाही ते दाखवा की!"

मला रागच आला. भागाकार काढला आणि खडू त्यांच्याच हातात दिला. बाकी का उरते, हे पोरांना पटवताना त्याही अडकल्या. मी मनातून खूश! शेरेबुकात काही न लिहिताच त्या गेल्या.

सोमवारी मात्र चिंचोक्यांची पिशवी घेऊन परत आल्या आणि पोरांत मांडी घालून बसल्या. मी प्रश्न विचारला. उत्तर लगेच आलंच नाही. सगळे चिंचोके मोजत होते, बाईसुद्धा.