हिरवा घोडा

टाकेकाकूंच्या दुकानातला कॉम्प्युटर इतका जुना होता, की माउस म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि शेजारी त्याच्या हुकमावर चालणारं एका सुईचं भरतकामाचं यंत्र. सगळी गल्ली त्यांना टाकेकाकू म्हणायची. आपलं खरं नाव त्यांना फक्त बँकेत आठवायचं.

मुलाच्या डोळ्यांत मात्र ही जोडी सलत होती. हल्लीची डिझाइनं या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला वाचता येत नाहीत, गिऱ्हाइकं हात हलवत परत जातात, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. शेवटी मायलेकांत ठरलं. घोडेस्वारी क्लबने नुकत्याच सांगितलेल्या घोड्याच्या टोप्या यावर झाल्या तर ठीक, नाहीतर शनिवारी दोन्ही यंत्रं भंगारात. काकू हो म्हणाल्या खऱ्या, पण हार मानायला तयार नव्हत्या.

मग त्यांनी बहिणीच्या मुलीला हाक मारली. ती कॉम्प्युटरला हुकूम देणाऱ्या स्क्रिप्ट लिहिण्यात तरबेज. तिची रोजची प्रोग्रामिंगची भाषा या कॉम्प्युटरात मावेना. हत्तीला खुराड्यात कोंबण्यातलाच प्रकार. पण जुन्या यंत्रांवर जीव असलेल्या कुणा हौशी माणसाने त्याच भाषेची आटोपशीर आवृत्ती करून ठेवली होती. ती फ्लॉपीवरून आत शिरली. नवी डिझाइनं न वाचणारा जुना प्रोग्राम बाजूला सारून सगळं काम स्क्रिप्टनेच करायचं होतं, म्हणून भाचीने मावशीला समोर बसवून तिची पद्धत खोदून खोदून विचारली. काकूंनी कापड ताणण्यापासून सगळं सांगितलं.

शुक्रवारी सकाळी स्क्रिप्ट चालू झाली. सुई अशी उधळली की काकूंनी चष्मा सावरला. टोपीवर घोडा उमटला. अंग हिरवं, आयाळ हिरवी, खोगीर हिरवं, डोळासुद्धा हिरवा.

"चरता चरता गवतच झाला की हा," मुलगा म्हणाला.

भाचीने स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत तपासली. टाके बरोबर, रंगांचे क्रमांकही बरोबर. मुलगा जिंकला होता. पण तो टोपी हातात फिरवत तिथेच घुटमळला. शाळेचा सगळा अभ्यास त्याने यंत्राच्या याच खडखडाटात केला होता, आणि आज त्यात काहीतरी कमी होतं.

"आई, तू मध्ये थांबलीच नाहीस."

"कधी?"

"एका रंगाचं काम संपलं की एक कळ दाबायचीस, रीळ बदलायचीस, परत कळ. तेवढा वेळ शांत व्हायचं सगळं."

काकूंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. इतकी वर्षं ती हे काम परस्पर उरकत होती. जिभेला पत्ताच नव्हता, ती सांगणार कुठून?

पहिल्यापासून लावलेलं हिरवं रीळच शेवटपर्यंत चाललं होतं. भाचीने कपाळावर हात मारला आणि प्रत्येक रंगाआधी थांबण्याची ओळ घातली. पुढचा घोडा तपकिरी उतरला, काळ्या आयाळीचा, ऐटबाज. मुलगा नुसतं "बरं" म्हणाला. स्वतःचा डाव स्वतःच उधळल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

"ढीगभर टोप्या पडल्यात," काकू म्हणाल्या. "रीळ बदलायला बस."

"मी?"

"मग कोण? शांतता तुलाच ऐकू येते ना?"

तो बसला. तिसऱ्या टोपीला त्याने खोगिरावर आयाळीचा दोरा चालवला आणि रीतसर बोलणी खाल्ली. शनिवारी भंगारवाला दारात आला, तेव्हा मुलगा सुईत दोरा ओवत होता. मान वर न करताच त्याने सांगितलं, "आज नाही हो. हात गुंतलेत."