अजून फिरतोय की

बटण बंद केलं तरी पंखा थोडा वेळ फिरतच राहतो. वीज जाते, पण पात्यांना मिळालेली गती लगेच जात नाही. हवा आणि घर्षण ती हळूहळू खाऊन टाकतात.

हे मला सासऱ्यांनी शिकवलं. पुरुष जेवून उठले की आम्ही बायका बसायचो, आणि सासरे हात पुसत येऊन पंखा बंद करायचे. मी घामेजून वर पाहिलं की म्हणायचे, "अजून फिरतोय की."

माझ्या रागाला मात्र इतक्या वर्षांत कुठलंच घर्षण लागलं नाही.

आता सासरे अंथरुणाला खिळलेत. आज भर दुपारी त्यांना भरवता भरवता मी उठले आणि बटण बंद केलं.

"सूनबाई, पंखा..."

"अजून फिरतोय की, मामंजी," मी म्हणाले आणि भात कालवत राहिले.