बहात्तर पांढऱ्या फरश्यांत एक लाल

तारीख रविवार, १२ जानेवारी, गेल्या वर्षीची. रक्कम सहाशे एकोणपन्नास रुपये. हजर तिघं — मी, माझी पत्नी वृंदा आणि मुलगी मुग्धा. वेळ सकाळी साडेअकराची, खिडक्या सताड उघड्या. हे आधीच सांगतो, कारण असले अनुभव वाचताना मी स्वतः पहिल्यांदा हेच तपासतो... उजेड होता का, आणि सांगणारा काय पिऊन बसला होता. मी चहा प्यायलो होतो. एक कप, बिनसाखरेचा.

मी छप्पन वर्षांचा आहे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. भूत, करणी, दृष्ट यांवर माझा विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहायला मी अजूनही तयार नाही.

कर्वेनगरातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. लग्न झालं त्याच वर्षी, १९९६ला घेतलेला फ्लॅट, तिसरा मजला, कार्पेट ५४० स्क्वेअर फूट. त्या जानेवारीआधीच्या ऑक्टोबरात तो रिकामा करून आम्ही धायरीला भाड्याने आलो. महिनाभरापूर्वीच वृंदाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. इथे चौथा मजला, लिफ्ट मनात येईल तेव्हा चालणार, ओळखीचं कोणी नाही. मुग्धा हिंजवडीला नोकरी करते, शनिवार-रविवार येते. आईचा वेळ जावा म्हणून तिनेच लॅपटॉपवर तो ऑनलाइन गेम लावून दिला.

गेम म्हणजे मारामारी, असा माझा समज. यात तीही आहे म्हणे, पण वृंदा तिकडे फिरकलीच नाही. त्या जगात राहायला प्लॉट मिळतात. गेममधल्याच नाण्यांनी घ्यायचे, त्यासाठी सोडत निघते. मग घर बांधायचं, सजवायचं, दार उघडं ठेवायचं. कुठकुठचे लोक पाहुणे म्हणून येतात आणि वहीत दोन ओळी लिहून जातात. खरी फी महिन्याला ६४९ रुपये. आणि एक नियम — मालक सलग पंचेचाळीस दिवस घरात आला नाही, तर घर जमीनदोस्त, प्लॉट पुन्हा सोडतीत.

“बिल्डरपेक्षा बरं,” वृंदा म्हणाली होती. “इथे कधी पाडणार ते निदान लेखी आहे.”

मला पहिल्यापासून संशय. हात लावता येत नाही अशा घराला दरमहा ६४९? यात कोणीतरी कोणाला तरी गंडवतंय, एवढं नक्की. म्हणून दोनदा तिच्या शेजारी बसून पाहिलं. ती आमचंच घर बांधत होती! तेच, तिसऱ्या मजल्यावरचं. फक्त इथे ते जमिनीवर, आणि समोर तळं. बाल्कनीचं दार तिने तीन फुटी केलं होतं.

“अडीच,” मी म्हटलं.

“तीन होतं.”

मी फाइल काढून जुना नकाशा दाखवला. तिने मुकाट्याने दार अडीच फुटी केलं. त्यानंतर मापं मीच देऊ लागलो. खोटं कशाला बोलू, मलाही गोडी लागली. त्या घरात सुपर बिल्ट-अप नावाची भानगड नाही. पाणी गळत नाही, पार्किंगवरून भांडण नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे वृंदाचा गुडघा दुखत नव्हता. ती स्वयंपाकघरातून बाल्कनीत भराभरा जायची आणि समोरच्या प्लॉटवरच्या काकूंना हाक मारायची. या काकू रत्नागिरीच्या निवृत्त शिक्षिका. हेडफोनवरून दोघींच्या तासतासभर गप्पा चालायच्या. ऑपरेशननंतर तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

तर १२ जानेवारी. कार्डावरून महिन्याची फी भरली, ओटीपी माझ्या फोनवर आला. वृंदा म्हणाली, “आता या, स्वयंपाकघर बघा. काल रात्री फरशी पूर्ण झाली.”

आमचं स्वयंपाकघर नऊ बाय आठ. एक फुटी पांढऱ्या फरश्या, एकूण बहात्तर. गेममध्ये तयार फरशी एका क्लिकवर मिळत असताना तिने त्या एकेक करून बसवल्या होत्या. मी सवयीने मोजल्या. एकाहत्तर पांढऱ्या, एक लाल. पूर्वेच्या भिंतीपासून तिसरी, दक्षिणेच्या भिंतीपासून दुसरी.

“ही लाल का?”

“कुठली?” वृंदा पुढे वाकली. “अगंबाई... ही मी नाही लावली. मुग्धा, तुझा उद्योग?”

“आई, मी आत्ता उठलेय.”

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वास्तुशांत करताना घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा पुरतात आणि वर फरशी बसवतात. सणावाराला तिथे नैवेद्य ठेवायचा. घर कायमचं सोडताना किंवा पाडायच्या आधी ती काढून घ्यायची आणि वाहत्या पाण्यात सोडायची. १९९६ साली आमच्याकडे ती स्वयंपाकघरात पुरली होती, वर खूण म्हणून लाल फरशी. २०११ला जुनी जमीन न फोडता आम्ही तिच्यावरच पांढऱ्या फरश्या टाकल्या, म्हणजे लाल फरशी खाली झाकली गेली. वृंदा तेव्हापासून अंदाजाने वर नैवेद्य ठेवायची.

आणि आता ती गोष्ट, जी त्या खोलीत फक्त मला माहीत होती.

घर सोडलं तेव्हा वृंदाला जिने चढता येत नव्हते. तिने मला एकट्याला पाठवलं — इमारत पाडायच्या आधी प्रतिमा काढून आणा. मी गेलो. पाडकाम करणाऱ्यांपैकी एकाला विचारलं. त्याने पायाने ठोकून पाहिलं. “सायेब, दोन थर हायेत. ब्रेकर लागंल. बाराशे होतील.” मी म्हटलं, चार दिवसांनी हे सगळं तुम्ही फुकटच फोडणार आहात ना? तो हसला. मी परत आलो आणि वृंदाला सांगितलं, काढली. नदीत सोडली.

ती म्हणाली, “नमस्कार केलात ना?” मी म्हटलं, केला.

त्यामुळे ती लाल फरशी पाहताच मला पहिला संशय आला तो वृंदाचाच. हिला कळलंय, आणि ही मला टोमणा मारतेय. पुण्यात तोंडावर बोलण्यापेक्षा पाटी लावायची पद्धत आहे, तशी ही फरशी लावलीय! पण तिच्या तोंडाकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांत मला ते तोंड वाचता येतं. ती खरोखर गोंधळली होती.

मग मी पद्धतशीर लागलो. घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी गेममध्ये दिसते. एकूण ३१८. पांढऱ्या फरश्या ७२, लाल शून्य. मुग्धाने त्या लाल फरशीवर क्लिक केलं, ती निवडलीच जाईना. “बाबा, ग्लिच आहे,” ती म्हणाली. सोमवारी हिंजवडीहून तिने वेगळ्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथेही लाल. वस्तू हलवायची परवानगी फक्त मालकाला होती. पाहुण्यांच्या वहीत आठवडाभरात तीन नोंदी, त्यांतल्या दोन काकूंच्याच. दुसरा संशय काकूंवर. त्या खरंच रत्नागिरीच्या कशावरून? मी पासवर्ड बदलले, कार्ड काढून टाकलं, कंपनीला लिहिलं. सहा दिवसांनी उत्तर आलं, अशी कोणतीही वस्तू आपल्या घरात नाही. सोबत त्यांनी काढलेला फोटो. त्यात बहात्तरच्या बहात्तर पांढऱ्या!

पुढच्या रविवारी मी मुग्धाला सगळी फरशी उचलायला लावली. बहात्तर पांढऱ्या निघाल्या, मी मोजल्या, यादीत परत गेल्या. खाली मातीची जमीन. आणि तिच्यात, त्याच जागी, ती लाल फरशी. म्हणजे ती पांढऱ्यांच्या जागी नव्हतीच, त्यांच्या खाली होती. आम्ही पुन्हा बहात्तर बसवल्या. लाल झाकली गेली. मी समाधानाने जेवलो. जेवून येऊन पाहतो तर ती वर.

“बाबा, हे फनी नाहीये आता,” मुग्धा म्हणाली. जणू मी करत होतो.

२ फेब्रुवारीला, रविवारीच, काकू गप्पा मारायला आल्या. त्या दिवशी स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकलं. त्यांचं पात्र स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरत होतं.

“वृंदाताई, तुमची ती लाल फरशी पोकळ वाजते हो,” काकू म्हणाल्या. “बाकी सगळ्या टक टक वाजतात. हिच्यावर पाय पडला की ढब्ब. मुद्दाम केलंयत का?”

आम्ही कधी ऐकलं नव्हतं, कारण वृंदा त्या फरशीवर पायच ठेवायची नाही. काकू पुन्हा चालल्या. टक, टक, टक... ढब्ब. तो आवाज मी ओळखत होतो. १९९६ ते २०११, पंधरा वर्षं पाण्याचा माठ भरायला जाताना तो माझ्या पायाखाली वाजला होता.

वृंदाने लॅपटॉप बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, “अहो, तुम्ही काढली होतीत ना?”

“हो.”

“नदीत सोडलीत?”

“सांगितलं ना एकदा. म्हात्रे पुलाच्या बाजूला सोडली.” नुसतं हो पुरलं असतं. पूल मी उगाच घातला.

“मग हे घर माझ्याकडे काय मागतंय?” ती म्हणाली. “माझंच काहीतरी चुकलं असेल. आपण पाडलं ते पाडलं, आणि मी त्याची नक्कल करून खेळत बसले.”

त्या दिवसापासून ती त्या घरात गेली नाही. लॅपटॉप कपाटावर. काकूंचे मेसेज यायचे, ती उत्तर द्यायची नाही. व्यायाम बंद, बाल्कनीत बसणं बंद. मी ऑफिसातून आलो की ती सकाळी होती त्याच खुर्चीत. मुग्धाने एकदा विचारलं, “आई, घर जाईल ना तुझं.” वृंदा म्हणाली, “एक गेलंच आहे. सवय आहे.”

मी दिवस मोजत होतो. पंचेचाळिसावा दिवस १९ मार्चला पडत होता. ते घर पडलं असतं तर माझी भानगड त्याच्याबरोबरच मिटली असती. ना फरशी, ना प्रश्न. माझ्या सोयीचं होतं, हेही लिहून ठेवतो. पण ते तिने तीन महिने एकेक फरशी बसवून बांधलं होतं, आणि दोष ती स्वतःला देत होती. तिसाव्या दिवशी सांगायचं ठरवलं, जमलं नाही. पस्तिसाव्यालाही नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी, शनिवारी, १५ मार्चला, ती मेथी निवडत असताना बोललो.

“वृंदा, मी ती प्रतिमा काढली नव्हती.”

तिचे हात थांबले नाहीत. “म्हणजे?”

“माणूस बाराशे मागत होता. मी परत आलो.”

“आणि नमस्कार?”

“नाही.”

“आणि म्हात्रे पूल?”

“तिकडे गेलोच नाही.”

तिने जुडी संपवली. देठं वेगळी केली, कागद गुंडाळला. मग म्हणाली, “बाराशे. गुडघ्याला सव्वातीन लाख घातलेत तुम्ही, आणि याला बाराशे नव्हते.”

“नव्हते असं नाही...”

“तेच म्हणतेय मी.”

थोड्या वेळाने म्हणाली, “लॅपटॉप खाली काढून द्या. माझा हात पोचत नाही.”

“जाणार आहेस?”

“मग काय करू? तुम्ही त्याला ढिगाऱ्यात सोडून आलात. आता जिथे आलंय तिथूनही मी उठून जाऊ?”

मी थकलेली फी भरली, तिने घर उघडलं. दारात काकूंनी फुलांची एक कुंडी ठेवली होती, सोबत चिठ्ठी — ताई, काही चुकलं असल्यास क्षमस्व. ज्यांच्यावर मी महिनाभर संशय घेतला त्या या बाई. वृंदा थेट स्वयंपाकघरात गेली. टक, टक, टक. लाल फरशीशी थांबली. गेममध्ये भाताची एक वाटी मिळते, ती तिने फरशीजवळ ठेवली. यादीत ३१९वी वस्तू म्हणून तिची नोंद झाली.

माझी अपेक्षा होती की आता लाल फरशी नाहीशी होईल. कबुली दिली, प्रकरण संपलं, असा काहीतरी हिशोब मी धरला होता. तसं झालं नाही. आजही ती तिथेच आहे. यादीत नाही, कंपनीच्या फोटोत नाही, आणि आम्हाला तिघांना आणि रत्नागिरीला दिसते. त्या बाराशेवाल्या मजुरावर संशय घ्यावा, तर त्याला आमचं नावही माहीत नव्हतं. मुग्धाने ऑफिसातल्या दोघा जाणकारांना दाखवलं, त्यांनी दोन वेगळी कारणं सांगितली आणि दोन्ही चुकीची निघाली. कोणाकडे खरं कारण असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. वृंदाला कारण नको आहे.

राहिला व्यवहार. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, “ते बाराशे वाचले ना तुमचे? ते माझ्याकडे द्या.” कशाला, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एटीएममधून काढून आणले. शंभराच्या दोन, पाचशेच्या दोन. लग्नापासून आजवर माझ्या हातून घेतलेले पैसे तिने कधी मोजले नव्हते, तसेच कपाटात ठेवायची.

दिले: रुपये बाराशे, रोख, वृंदाला. तिने चारही नोटा माझ्यासमोर मोजून घेतल्या.