पाणी कुठं अडलं?

आमच्या धंद्यात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. मशीन चालू झालं की गिऱ्हाईक आपल्याला विसरून जातं. आपल्या मात्र त्याचं स्वयंपाकघर, त्याचा बोअर, त्याची गच्चीवरची टाकी सगळं डोक्यात राहतं. मंग चहाला बसलं की एक आठवतो, त्याच्यामागून दुसरा!

मी दत्ता. नवीन जालन्यात, स्टेशनपासून थोडं पुढं, हबीबभाईंचं आणि माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. हबीबभाई माझे उस्ताद. बर्फाच्या मोठ्या मशीनचं काम जिल्ह्यात कुठंही निघालं तर आम्ही दोघं जातो.

या मशीनचं एवढंच सांगतो. बर्फ तयार होताना आतला गॅस तापतो. काही मशीनांत तो थंड करायला पंखा असतो, काहींत पाण्याची नळी. नळीतलं पाणी गॅसची उष्णता घेऊन बाहेर पडत राहिलं तर बर्फ पडतो. पाणी अडलं की प्रेशर चढतं अन् मशीन आपोआप बंद! आमचं काम काय, तर पाणी कुठं अडलं ते शोधायचं.

*

स्टेशनजवळ एका ज्यूस सेंटरचं मशीन रोज सकाळी अकराला बंद पडायचं. बराबर अकराला! मालक गजाननराव पार वैतागले होते. दोन मेकॅनिक येऊन गेल्ते, पार्ट बदलून झाले होते.

हबीबभाई दहाला गेले, पिशवी खाली ठेवली, मशीनशेजारी स्टूल ओढलं आणि बसले. चहा घेतला. दुसरा घेतला. पाना काही हातात घेईनात.

गजाननराव म्हणाले, "भाई, तुम्ही नुस्ता चहा पिऊन राह्यले!"

"पाण्याचा आवाज ऐकून राह्यलो," हबीबभाई म्हणाले.

अकरा वाजले आणि नळीतल्या पाण्याचा आवाज एकदम बारीक झाला. हबीबभाई उठले ते थेट गच्चीवर. तिथं वरच्या लॉजची बाई मोठा नळ सोडून चादरी धूत होती. टाकी एकच, खाली उतरणारा पाइपही एकच!

खाली येऊन ते म्हणाले, "गजाननराव, मशीन बिलकुल ठीक आहे. लॉजच्या चादरी मळल्यात!"

टाकीपासून वेगळा पाइप टाकला. त्यानंतर अकराचं दुखणं गेलं ते गेलंच.

*

आता माझी फजिती. लपवून उपयोग नाही, हबीबभाई सगळ्यांना सांगतातच.

अंबडच्या एका हॉटेलचं मशीन मी एकट्यानं साफ केलं होतं. नळ्या धुतल्या, पाण्याचा व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवला, सुरू केलं. दहा मिनिटांत बंद! पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद! मी चेहरा गंभीर केला आणि मालकाला म्हणालो, "कॉम्प्रेसरच गेला वाटतं."

मालकाचं तोंड उतरलं. तरी खात्रीसाठी मी हबीबभाईंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"दत्ता, व्हॉल्व्हवर बाण कोरलेला आहे. तो किधर दाखवून राह्यला?"

बाण दाखवत होता भिंतीकडं. पाणी येत होतं भिंतीकडून. मी व्हॉल्व्ह उलटा बसवला होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा काढला तर झाकणावर मार्करनं ठळक बाण. खाली लिहिलेलं : 'इकडून उघडणे.'

*

एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या कँटीनमध्ये उन्हाळ्यात बर्फाचं मशीन बंद पडलं. भट्टीसमोर काम करणाऱ्यांना थंड पाणी नाही म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सुपरवायझर शिंदे दारातच उभे होते. "जल्दी करा भाऊ. सकाळी एकाला चक्कर आली."

पाणी आत येतं तिथं बारीक जाळी असते, कचरा अडवायला. मी ती उघडली, तर आत दोन गप्पी मासे. जिवंत! डास होऊ नयेत म्हणून आरोग्यवाल्यांनी टाकीत सोडले होते, ते पाइपातून आल्ते. त्यांच्याभोवती शेवाळ गोळा होऊन जाळी गच्च झाली होती.

शिंदेंनी मासे ग्लासात घेतले आणि स्वतः टाकीत सोडून आले. टाकीच्या तोंडाला आम्ही जाळी लावली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा बर्फ पडायला लागला. गडी डोक्यावर बर्फ फिरवून हसत होते.

रिपोर्टमध्ये बंद पडण्याचं कारण लिहायचं असतं. मी घाईत एकच शब्द लिहिला : 'मासा'.

चार दिवसांनी त्यांच्या खरेदी विभागातून फोन. "दत्ता साहेब, तो मासा ओरिजिनलच लागतो का लोकल चालेल? दोन स्टॉकमध्ये ठेवावे म्हणतो!"

*

एका मंगल कार्यालयात बोअरच्या पाण्यानं मशीनच्या नळ्यांत क्षार धरला होता. संध्याकाळी लग्न होतं आणि क्षार विरघळवायची पावडर मी दुकानातच विसरून आल्तो. आचारी नामदेवराव शेजारीच मठ्ठा करत होते.

"आंबट पाहिजे का? माझ्याकडं लिंबाचं फूल आहे की!"

ते, म्हणजे सायट्रिक ॲसिडची पूड, पाण्यात कालवून छोट्या पंपानं तासभर नळ्यांतून फिरवलं. पांढरं गढूळ पाणी बाहेर आलं आणि धार मोकळी झाली. नामदेवराव एकटक बघत होते.

"माणसाच्या आत बी असं साचत असंल का हो?"

"कमरेत दुखतंय का?" हबीबभाईंनी विचारलं.

"लई महिने झाले."

"मंग उद्याच डॉक्टरकडं जायचं. लिंबाचं फूल प्यायचं न्हाई!"

आठवड्यानं फोन आला, आवाज एकदम खुशीत. "दत्ताभाऊ, खडा निघाला खडा! माझा बी पाइप चोक होता!"

*

आणि हा वडीगोद्रीचा.

हायवेला कांताबाईंनी लस्सीचं दुकान टाकलं. घरात मेंढरांचा धंदा, दुकान कुणी कधी केलं नव्हतं. बंद पडलेल्या हॉटेलातलं जुनं मशीन त्यांनी हिमतीनं घेतलं. आम्ही बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी फोन. "भाऊ, दिवसातून चारदा बंद पडतंय. लोक म्हणून राह्यले, बाईला जमायचं न्हाई."

गेलो. जाळी साफ, व्हॉल्व्ह बरोबर, टाकी भरलेली. आम्ही समोर असलो की मशीन मस्त चाले. जेवायला बसलो की बंद!

शेवटी मी मागच्या बाजूला, बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पाइपाकडं गेलो. तिथं कांताबाईंचे सासरे उकिडवे बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी पाइप मुडपून मुठीत गच्च धरला होता.

"आबा, हे काय?"

"पाणी नालीत चाल्लं होतं."

कांताबाई मागून आल्या. मला वाटलं आता भडकतील. पण उन्हाळ्यात मेंढरांच्या पाण्यासाठी आबा कोस कोस चाललेले, ते त्यांना ठाऊक होतं. खाली बसून त्यांनी आबांच्या मुठीतून पाइप हळूच सोडवला.

"मामा, नालीत जाऊ देत न्हाई. सांगा, कुठं सोडू?"

आबांनी दुकानामागच्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. तिथं आम्ही सिमेंटचा हौद बांधून घेतला आणि पाइप त्यात सोडला. मशीन पुन्हा बंद पडलं नाही. दुकानावर गर्दी वाढली, कांताबाईंनी दोन बाया कामाला ठेवल्या.

हिवाळ्यात गेलो तर हौदावर एक कळप पाणी पीत होता. शेजारी आबा, काठी टेकून, मालकासारखे. कळपवाल्यानं पाण्यात हात घातला आणि चमकला.

"आबा, हे पाणी कोमट कसं काय?"

आबा म्हणाले, "बर्फाचं हाय!"