भरल्या गाडीला वाट

दादा,

मी गाव सोडलं त्या दिवशी अण्णा मला ट्रॅक्टरवरून फाट्यावर सोडायला आले होते. एस.टी. यायची वेळ झालेली, आणि नेमकी उसाची बैलगाडी आडवी आली. अण्णांनी ट्रॅक्टर डाव्या कडेला घेऊन चक्क बंद केला. "भरल्या गाडीला थांबवू नये पोरी, बैलांना परत उठाव घेता येत न्हाई." एस.टी. गेली. दुसरी येईपर्यंत ते माझ्याशेजारी बसून राहिले आणि मी फुगून त्यांच्याकडे पाठ करून बसले. मला नोकरीची घाई होती ना!

इथे न्हावा शेवा बंदराच्या ऑफिसात रुळले, जासईत खोली घेतली, स्कूटी घेतली. मग कारच्या क्लासला गेले. शिकवणारे काका इथलेच, 'ळ'चा 'ल' करणारे. पहिल्याच चौकात ओरडले, "ताई, आपली पाली आली का निंगायचं! मानपान करत रायलात तं मागचा गोंधलतो. आनि कंटेनरचा ट्रेलर वलताना त्याचे डावे अंगाला कदी उभं रावाचं नाय. मागची चाकं कोपरा कापतान." मी हे सगळं पाठ केलं. लायसन्सच्या परीक्षेत एकही चूक नाही. केवढा तोरा होता मला त्याचा.

अण्णा पंधरा दिवसांसाठी आले तेव्हा स्कूटीची किल्ली मीच हौसेने त्यांच्या हातात दिली. इथले चौक रविवारी फिरून दाखवते म्हटलं. रविवारी मी दुपारपर्यंत झोपले.

सोमवारी सकाळी ते भाजी आणायला गेले. चौकात ते पुढे होते, मागून कंटेनर आला. नाक्यावरच्या चहावाल्या मावशींनी पाहिलं. म्हणाल्या, "पाली आजोबांचीच व्हती. पन त्यांनी गाडी डावे बाजूला घेतली न् हात केला, जा म्हनून." कंटेनर भरलेला होता. तो डावीकडेच वळला.

दादा, आईने मला तेव्हा विचारलं होतं, "तू त्यास्नी समदं सांगून ठेवलं हुतंस न्हवं?" मी हो म्हणाले.

तेव्हापासून आई फोटोसमोर दिवा लावताना त्यांच्यावर चिडते. पोरीचं ऐकलं असतं तर, म्हणते. तूही मला फोनवर म्हणालास, अण्णा पहिल्यापासून हट्टीच. मी विषय बदलला. ते हट्टी नव्हते रे. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सणाला येत नाही म्हणून तू रागावतोस. सुट्टी मिळते मला. पण घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढी एकच जागा उरली आहे, जिथे माझ्या वाट्याचा बोल रोज अण्णांना लागतो.

हे पत्र आईला वाचून दाखव, सगळं. त्यानंतर ती ये म्हणाली, तर येते.

तुझी सुमन